डंकावरची पूड आणि बाबाची पुडी

साहेब, तुम्हाला ठाऊक होतं. औषधांवर नजर ठेवायचा पगार तुम्ही घेता. पळस्प्याच्या फाट्याजवळ दर गुरुवारी भरणारी ती जत्रा गाडीच्या काचेतून दिसली नाही, असं म्हणायची हिंमत करू नका. इस्पितळातल्या डॉक्टर रुचिरांची तक्रार तुमच्या टेबलावर दोन महिने पडून होती. तिच्यावर तुम्ही चहाचा कप ठेवत होतात. आता इकडे काय काय झालं ते ऐका.

फाट्यावर पत्र्याची शेड, आणि शेडबाहेर गुडघे धरून उभी असलेली रांग. पनवेलच्या सोसायट्यांतले निवृत्त साहेबलोक आणि उलव्याकडच्या गावांतल्या म्हाताऱ्या, सगळे एका रांगेत. स्टेजवर दयाराम वैद्यबाबा. गळ्यात रुद्राक्ष, हातात माइक.

"डॉक्टर काय म्हणतात? जडीबुटीला वेळ लागतो, धीर धरा! अरे, धीर त्यांनी धरावा! माझी वनस्पती रक्ताशी बोलते. पुडी जिभेवर ठेवा, घड्याळ लावा. वीस मिनिटांत चालला नाहीत तर याच पायांतलं पायताण काढून मला मारा!"

आणि लोक चालायचे. खोटं कशाला बोला? आमच्या आळीतली सखूबाईसुद्धा चालली. रिक्षातून दोघांनी उचलून उतरवलेली म्हातारी शेडला फेरी मारून आली आणि बाबाच्या पायांवर लोळली.

तिची सून मैना तर हरखूनच गेली. कारण बाबाची पोती तिच्याच मसाल्याच्या डंकावर कुटायला यायची. सुंठ, निर्गुडी, हाडजोड, अश्वगंधा. मिरची कुटून झाली की डंक धुऊनपुसून ती बाबाचा घाणा लावायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "बाबाचं औषद आमच्या डंकावर व्हतं."

तीन महिन्यांत सखूबाईचा चेहरा गोल गरगरीत झाला. आळीतल्या बायका म्हणायच्या, "मैने, सासूला काय चारतंस गो? गाल बघ कसं भरलं!" दंडावर जरा काही लागलं की काळेनिळे डाग उठत होते. त्याकडे कुणी पाहिलं नाही. गाल दिसत होते ना!

मग बाबा पंधरा दिवस बाहेरगावी गेला आणि घरातल्या पुड्या संपल्या. मैनानं साधा विचार केला. बाबाच्या पोत्यातली, आपणच कुटलेली वाटीभर पूड काढली.

"आये, पुडी म्हंजे तरी काय? हीच की. घे."

वीस मिनिटं झाली. तास झाला. दुसऱ्या दिवशी गुडघे पुन्हा धरले. चौथ्या दिवशी सखूबाईला उलट्या थांबेनात, मान उचलवेना, रक्तदाब खाली खाली चालला. इस्पितळात डॉक्टर रुचिरांनी एकच प्रश्न लावून धरला.

"कुठलं औषध अचानक बंद केलंत?"

"बंद नाय केलं, बाई. तेच चालू हाय."

त्यात बाबा परत आला, वाटीभर पुडीची गोष्ट कानावर येताच माइकवरून गरजला, "डंकावरच्या बाईनं विटाळात हात लावला! वनस्पती कोपली!"

जगननं, मैनाच्या नवऱ्यानं, ते ऐकलं आणि इस्पितळाच्या जिन्यात चारचौघांसमोर ओरडला, "तूच मारतंस माज्या आयशीला!" सासू आत मरणाच्या दारात, आणि बाहेर सून खुनी ठरलेली. का, तर तिला पाळी येते म्हणून! किळस येते, साहेब. स्वतःचं पाप झाकायला बाईची पाळी पुढे करणाऱ्याची येते, आणि त्याला माना डोलावणाऱ्यांची त्याहून जास्त येते.

मैना रडली नाही. बाकड्यावर बसून तिनं हिशोब मांडला. बाबाची पुडी काय, आपली वाटी काय, दोन्ही एकाच घाण्यातल्या. मग फरक पडला कुठं? उखळात नाही. पुडी बांधताना. शेजारच्या तुळशीरामकाकांकडून तिनं बाबाची एक पुडी मागून आणली, आपली वाटी आणली आणि दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवली.

तपासणी झाली. वाटीत नुसत्या वनस्पती. पुडीत त्याच वनस्पती, शिवाय स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांचा चुरा.

"वीस मिनिटांत चालवत होती ती ही गोळी," डॉक्टर म्हणाल्या. "गाल भरले नव्हते, सुजले होते. असे चार चेहरे माझ्याकडे आधीही आले, पण पुडी कुणी दाखवेना. रोज बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. मग पुडी एकदम बंद झाली, की माणूस कोसळतो."

"म्हंजे मीच..."

"तू नाही. पुडी बांधणाऱ्यानं."

पुढच्या गुरुवारी मैना पूड भरलेला टोप घेऊन स्टेजपुढं उभी राहिली.

"बाबा, हा तुमच्याच पोत्यातला माल. माज्या हाताचा विटाळ वाटतो? मी लांब उभी रातो. तुमी मंतर मारा, तुमच्या हातानं द्या. घड्याळ आमी लावतो."

रांगेत पहिल्यांदाच आलेले कमलाकर जोशी पुढं झाले. "मला द्या. गुडघे माझे, घड्याळ माझं."

"मंत्र असा उघड्यावर होत नाही! आत, एकांतात..."

"मंग आतलंच दाखवा की," मागून आवाज आला. तो जगन होता, तपासणीचा कागद वाचून आलेला. त्यानं स्टेजमागचा पडदा ओढला. आत टेबलावर मिक्सर, भांड्याच्या कडेला पांढरा चुरा, आणि खाली गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांनी भरलेलं पिंप.

एक म्हातारी पुटपुटली, "पन माजं गुडगं तर बरं झालं व्हतं..."

मैनासोबत आलेल्या डॉक्टर रुचिरांनी माइक घेतला. "आजी, बरे नव्हते झाले, फक्त कळेनासे झाले होते. आणि सगळ्यांनी ऐका. पुडी आज एकदम सोडू नका, पुडीसकट दवाखान्यात या. हे औषध हळूहळू उतरवावं लागतं. वनस्पतीत गुण नाही असं मी म्हणत नाही. पण जुनं दुखणं वीस मिनिटांत पळवणारी पूड कुणी दिली, तर हात जोडायच्या आधी विचारा, आत काय आहे?"

सखूबाई वाचली. भिंतीला धरून चालते, दुखतं तेव्हा शिव्या देते. जगननं जिन्यात जे तोंड सोडलं होतं, त्याची माफी आळीतल्या सगळ्यांसमोर मागितली. मैनानं ती अजून दिलेली नाही.

बाबा गर्दीतून निसटला. आता उलव्यात त्याचा नवा फलक लागलाय. साहेब, मसाला कुटणाऱ्या बाईनं एका वाटीवरून जे ओळखलं, त्यासाठी तुमच्याकडे प्रयोगशाळा आहे, शिक्का आहे, गाडी आहे. तपासणीचा कागद तुमच्याकडे पोचल्याची पोच आमच्याजवळ आहे. उद्या उलव्यात रांग लागेल. तिथं तुम्ही जाणार आहात, की पुन्हा मैनानंच टोप उचलायचा? हो की नाही, तेवढं सांगा.