डोळे मिटून थांबायचं

जाऊन आलो आम्ही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे या दोघी पोचतात की नाही म्हणून कुणी जीव टांगणीला लावून बसायला नको. पोचलो. बेटावर राहिलो, होडीत बसलो, धडधाकट परत आलो. आता ताई माझ्या दुकानाच्या आतल्या खोलीत टेबलापाशी बसून बटणं निवडतेय, पांढरी एकीकडे, काळी एकीकडे, आणि मी

"कधी जायचं गं आपण?"

"जाऊ हं. पुढच्या महिन्यात."

आणि मी हे सांगतेय. मध्ये मध्ये असं तुटणार. त्याला इलाज नाही.

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. लांबचा फोन तेव्हा आपला आपण लागत नसे, ताईसारखं कुणीतरी तो जोडून द्यायचं. एकदा तिला एका बेटावरचा नंबर जोडायचा होता. इकडे दुपार, तिकडे पहाट. पलीकडची ऑपरेटर म्हणाली, लाइनवर थांबा, नंबर बिझी आहे. त्या थांबण्यात ताईला तिकडचा कोंबडा आरवलेला ऐकू आला. तिने विचारलं, तुमच्या खिडकीतून काय दिसतं हो? ती बाई म्हणाली, डोंगर. मधोमध चिरलेला. चिरेतून पाणी पडतं ते थेट समुद्रात. आत्ता त्याच्यावर ऊन येतंय. एवढं झालं आणि नंबर लागला.

ताई घरी आली ती चप्पलसुद्धा न काढता माझ्यापाशी. मी शाळेत होते, दोन वेण्या घालायचे. "धाकटे, मरायच्या आधी आपण दोघींनी तिथे जायचं. बास!"

"आणि समजा तू आधी पोचलीस तर?"

"तर काय? डोळे मिटून थांबायचं."

हा आमचा जुना नियम. नवीन काहीही आलं तरी एकटीने बघायचं नाही. जी आधी पोचेल तिने डोळे मिटून थांबायचं, दुसरी आली की एक, दोन, तीन म्हणून उघडायचे. बाबांनी आणलेलं खोकं असो, शेजारचं नवं बाळ असो. रस्त्याच्या टोकाला सर्कशीचा हत्ती आला तेव्हा मला यायला उशीर झाला. ताई इतका वेळ डोळे मिटून उभी, की माहुताला वाटलं पोरगी आंधळी आहे. त्याने दया येऊन तिला सोंडेला हात लावू दिला. "हात लावला, वासही घेतला," ती पुढे कित्येक वर्षं सांगायची, "पण बघितला नाही. शप्पथ!"

तिचं लग्न झालं. भावोजींना कंपनीने बक्षीस म्हणून जोडीने सहलीला पाठवायचं ठरवलं, आणि योगायोग असा की त्याच बेटावर. ताई म्हणाली, तुम्ही या जाऊन.

"अगं, फुकट आहे!"

"असू दे फुकट. धाकटीशिवाय नाही."

भावोजी एकटेच गेले. उन्हाने नाकाची सालं काढून आले आणि फ्रिजला चिकटवायचं एक चुंबक घेऊन आले. त्याच्यावर तोच डोंगर. ताईने ते न बघताच पालथं करून कपाटाच्या खणात टाकलं. भावोजींनी शेवटपर्यंत तिला यावरून छळलं, "बाईसाहेब, खण उघडू का?" भावोजी गेले. चुंबक अजून पालथंच आहे.

आणि मग राहिलंच. माझं शिवणकामाचं दुकान, तिचा मुलगा, माझ्या सासूबाईंचं आजारपण, तिचे गुडघे. आज नाही उद्या. उद्या नाही

"कधी जायचं?"

"बोहनी झाली की लगेच."

"आज गिऱ्हाईकच नाही मेलं."

"येईल, येईल."

मग ताई विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग आमटीतलं मीठ, मग आमटीच. भावोजी गेल्याचं विसरून त्यांचं ताट वाढायला लागली. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, तिची एक इच्छा राहिलीय, कधी नेऊ? त्या म्हणाल्या, "आत्ता. पुढेही तुम्ही त्यांना न्याल, पण त्या येणार नाहीत."

भाच्याला हे पटेना. फोनवर ओरडला, "मावशी, आईला आठवणार तरी आहे का काही?"

"कालचं जेवलेलं आठवत नाही तिला. म्हणून आज उपाशी ठेवतोस का?"

  खरं तर तिला आठवावं अशी माझी इच्छा नव्हतीच. तिथे, त्या डोंगरासमोर, फक्त त्या क्षणी तिला मी मी आहे हे कळावं, आणि दोघींनी एक, दोन, तीन म्हणावं. एवढंच. पुढे पुसलं गेलं तरी चालेल.

दोघींना मी एकाच कापडाची दोन जाकिटं शिवली, भडक नारिंगी. ताईच्या कॉलरला आतून माझा नंबर शिवला. सहलीचं नाव होतं "एकदा तरी". गाइडच्या हातात सतत छोटा झेंडा असायचा, म्हणून ताई त्याला झेंडेवाले म्हणायची. उतरल्या उतरल्या त्याने सगळ्यांच्या, ताईच्यासुद्धा, मोबाइलमध्ये तिथलं सिमकार्ड घालून दिलं. "मंडळी, हरवलात तर घाबरायचं नाही, फोन करायचा."

काचेच्या तळाची होडी. खाली निळे मासे, जांभळे मासे, शिंप्याने चिंध्या उधळाव्या तसे. सगळे वाकून बघत होते. ताईने माझी बाही ओढली.

"कधी जायचं गं बेटावर?"

"अगं, बेटावरच आहोत आपण."

"चल! हे तर पाणी आहे."

दरीवरून दोरीला लटकून जायचं होतं. पोरंपोरी किंचाळत सुटत होती. तिथला माणूस ताईला पट्टे आवळायला लागला, तर ती त्याला म्हणते, "का हो, पार्सल करताय का मला?" सगळी रांग हसली. मीही हसले. त्या सकाळी ती माझीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला नावाने, म्हणजे धाकटे म्हणून हाक मारली. दुपारी जेवताना म्हणाली, "अहो बाई, जरा मीठ सरकवता?"

मी मीठ सरकवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळी ती असते. दुपार झाली की जाते. आणि कार्यक्रमात डोंगर होता दुपारी.

त्याच संध्याकाळी हॉटेलात ती नाहीशी झाली. मी जिने चढले, उतरले, पोहण्याच्या तलावात वाकून बघितलं. ताई खाली काउंटरच्या मागे बसली होती, फोन कानाला लावून. "नमस्कार, कुठे जोडून देऊ? लाइनवर थांबा हं." काउंटरवरची मुलगी बाजूला उभी राहून हसत होती. म्हणाली, "फोन वाजला की यांना राहवतच नाही. बसू दे ना, चांगलं करतायत." खरंच चांगलं करत होती. पाठ ताठ, आवाज तिशीतला. मला वाटलं, आहे अजून. आत कुठेतरी सगळं आहे.

मी झेंडेवाल्यांना गाठलं. डोंगर सकाळी करा म्हटलं. कारण सांगितलं. ते डोकं खाजवत राहिले, मग म्हणाले, "मावशी, तुमच्यासाठी अख्खी बस उजाडायच्या आत उठवतो. शिव्या मात्र अर्ध्या अर्ध्या वाटून घ्यायच्या."

त्या सकाळी ताईने उठल्या उठल्या माझे केस विंचरून दिले. "किती पांढरे झाले गं, धाकटे." बसमध्ये माझा हात मांडीवर घेऊन बसली. मी विचारलं, "कुठे चाललोय?"

"चिरलेल्या डोंगराला. डोळे मिटायचे हं, मी सांगेपर्यंत."

मला हातात स्वर्ग आल्यासारखं झालं. हसू नका. झालं.

वर पोचलो. कठडा होता, बाकं होती, आणि समोर धुकं. नुसतं पांढरं. समोर डोंगर आहे की भिंत, काही कळायला मार्ग नाही, फक्त पाणी पडल्याचा आवाज. झेंडेवाले म्हणाले, हटेल, हटेल. आम्ही बाकावर बसलो. बसून राहिलो. लोकांनी चहा आणला, कंटाळून फोटो काढले, धुक्याचे. कुणीतरी म्हणालं, पहाटे उठवून धुकं दाखवलं. ताईला डुलकी लागली. माझ्या खांद्यावर तिचं डोकं, आणि मी मनात म्हणतेय, हट रे बाबा धुक्या, हट. तिला उठवायची माझी

"कधी जायचं?"

"दोन मिनिटं, ताई. हे संपू दे."

तिला उठवायची माझी हिंमत होत नव्हती. झोपेतून उठली की कोणती ताई उठेल, सांगता यायचं नाही.

एकदम सगळे "आ!" करून ओरडले. कठड्याशी गर्दी झाली. मी बघितलं नाही. डोंगराकडे पाठ करून ताईसमोर उभी राहिले आणि तिला हलवलं. "ताई, ऊठ. धुकं हटलं. चल, एक..."

ताईने माझ्याकडे बघितलं. डोंगराकडे नाही, माझ्याकडे. मग घाईघाईने उठली, बाकाचा हात धरला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"दोन म्हण, ताई."

"तुम्ही बघा बाई. मला माझ्या बहिणीची वाट बघायचीय."

"मीच तुझी बहीण."

"काहीतरीच काय! माझी बहीण दोन वेण्या घालते."

मी जाकीट दाखवलं, पण डोळे मिटलेल्या माणसाला जाकीट कसं दाखवणार? हत्तीचं सांगितलं. खोक्याचं, भावोजींचं. ती सभ्यपणे मान हलवत राहिली, बसमधल्या अनोळखी बाईच्या घरच्या गोष्टी ऐकताना हलवतात तशी. "हो का? आमच्याकडेही असंच होतं हो."

मग मला काउंटर आठवलं. मी चार पावलं मागे गेले आणि तिला फोन लावला.

तिच्या खिशात वाजला. डोळे मिटल्या मिटल्याच तिने तो काढला, बोटांनी बटण शोधलं.

"नमस्कार, कुठे जोडून देऊ?"

"ताई, मी बोलतेय."

"अगं धाकटे!" तिचा चेहरा असा उजळला, की मला डोंगराची गरजच उरली नाही. "कुठे आहेस? किती वेळ? मी इथे पोचलेय. लोक बघ ना कसे ओरडतायत, भारी असणार! लवकर ये."

"ताई, तू बघ. मी सांगतेय ना, उघड डोळे."

"वेडी आहेस का? एकटीने?"

"मला उशीर होईल. धुकं परत येईल."

"येऊ दे. मी थांबते."

चार पावलं. मी फोन कानाला धरून पुढे गेले, अगदी तिच्या कानाशी. "हे बघ, आले. मीच आहे." आता तिला माझा आवाज दोन्हीकडून ऐकू यायला लागला. ती दचकली. कपाळाला आठी घालून फोन कानापासून लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हॅलो? हॅलो? लाइन तुटली," ती म्हणाली. मग माझ्याकडे तोंड करून, अगदी ऑफिसातल्या आवाजात, "जरा थांबा हं बाई. ती फोन करेल परत."

मी परत मागे गेले. परत फोन केला. परत उजळली. परत म्हणाली, थांबते. कितीदा केला, मोजला नाही. मला वाटतं, शेवटी शेवटी मी फक्त तो उजळलेला चेहरा बघायला करत होते.

मग माझ्या पाठीमागचा गलका शांत झाला. धुकं आलं असणार. झेंडेवाले जवळ येऊन हळूच म्हणाले, "मावशी, निघायचं." त्यांनी एक फोटो काढला होता म्हणे, दोन नारिंगी जाकिटं, मागे अख्खा डोंगर. आठवण म्हणून छापून पाठवला. ते पाकीट मी फोडलेलं नाही. खणात टाकलं, चुंबकाच्या शेजारी.

हो, मीही बघितला नाही. दोघींपैकी कुणीच नाही. एवढ्या लांब जाऊन. भाच्याला हे सांगितलं तर तो डोक्याला हात लावेल, म्हणून सांगितलंय, फार सुंदर होतं.

"कधी जायचं?" ती विचारते ते दिवस बरे. काहीतरी थाप मारली की ती पुन्हा बटणांकडे वळते. पण परत आल्यापासून दुसरंही एक सुरू झालंय. तिला सांभाळायला येणारी बाई दुकानात फोन करते, "ताई परत तशाच उभ्या आहेत. जेवत नाहीत, बसत नाहीत, डोळे उघडत नाहीत." मग फोन ताईच्या हातात.

"धाकटे, कुठवर आलीस?"

सुरुवातीला मी मशीन बंद करून धावत घरी जायचे. समोर उभी राहायचे. म्हणायचे, आले. ती डोळे मिटूनच म्हणायची, "कोण? बसा ना. माझी बहीण येईलच एवढ्यात." आता मी घरी जात नाही. फोनवरच राहते. एका हाताने कुणाच्या पँटची शिवण उसवते, दुसऱ्या हाताने फोन धरते, आणि सांगते, वळणापर्यंत आले, ताई. चढावर आहे. बस थांबलीय जरा.

"दमू नकोस. सावकाश ये. मी आहे."

"पाय दुखत असतील. बस ना."

"नको. बसले आणि चुकून डोळे उघडले म्हणजे?"

हे घ्या. बटणांचा आवाज थांबला. टेबल सरकलं. ती उठली, खिडकीशी गेली असणार. मी आत जाऊन उपयोग नाही. माझा फोन कुठे ठेवलाय मी?