येतंय हां

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. अख्ख्या आचरे गावात अजून कुणाचा बसलेला नाही. मी एक जुना रेकॉर्डर आहे. दिसायला मुठीएवढा, पण या पोटात मी अर्धी दुनिया घेऊन फिरलो आहे.

जन्म माझा कुठल्याशा कारखान्यात झाला. पण मला खरं कामाला लावलं ते सुदेश तोंडवळकरांनी. सुदेश याच गावचे, परदेशातल्या एका रेडिओचे बातमीदार. लढाई, भूकंप, निवडणूक, जिथे गडबड तिथे ते, आणि त्यांच्या खिशात मी. वाऱ्याची घरघर अडवायला माझ्या डोक्यावर स्पंजची काळी टोपी असे. एकदा वाळवंटात ती टोपी उंटाने खाल्ली. टोपी पोटात जाताच उंट असा घडाघडा बोलू लागला की सुदेशनी त्याची मुलाखतच घेतली.

"उंट खंय बोलता?" पडवीत माझ्यापुढे बसलेली रिया म्हणाली. ही सुदेशची पुतणी.

बोलतो गो बाय. तू काकाला विचार. आणि एका देशाच्या अध्यक्षांना माझ्यासमोर शिंक आली, तेव्हा शेजारच्या देशाला वाटलं, तोफच उडाली. असा माझा कान तिखट. सुदेश स्वतःचं तोंड धुवायच्या आधी मला पुसत. रात्री उशाशी मी, चष्मा नंतर.

मग ते बंदर आलं.

लढाईमुळे तिथे जहाजं अडकून पडली होती. बातमी घ्यायला आम्ही एका जहाजावर चढलो, तर खलाशांत आमच्याच गावच्या शेवंतीकाकीचा मुलगा ओमकार! परक्या मुलखात मालवणी कानावर पडली आणि सुदेशना काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी मला ओमकारच्या तोंडापाशी धरलं.

"बोल रे. अख्ख्या दुनियेक आयकाक येतला."

"दुनियेक कित्याक? माज्या आयेक आयकाक इला तरी पुरो," ओमकार म्हणाला. मग घसा खाकरून बोलू लागला. "आये, ह्यां जहाज काय सुटाचा नाय. माका दुसऱ्या जहाजार घेतल्यानी. तां खूप लांब जातला, थंयसून फोन लागाचो नाय. परत कधी भेटतलंय तां माकाच ठावक नाय. माजी वाट बघत उपाशी रवा नको. येतंय हां."

मित्रांनो, आमच्याकडे घराबाहेर पडताना कुणी 'जातंय' म्हणत नाही. तसं म्हणणं वाईट. शाळेत जायचं असो की बोटीवर, उंबऱ्यावरून 'येतंय' म्हणूनच निघायचं. ओमकारने आईचा निरोप घेतला होता, एवढंच.

आवाज केंद्रावर पोचला. बातमीपत्रात जागा चिमूटभर. तिथल्या हिंदी विभागातून सुदेशना फोन आला, "लड़का आख़िर में क्या बोल रहा है?" सुदेश तेव्हा सुटणाऱ्या गाडीमागे धावत होते.

"आ रहा हूँ!" ते ओरडले. "मगर उसका मतलब..."

फोन कटला.

मधलं सगळं बोलणं कात्रीत गेलं. निवेदिकेने सांगितलं की सिंधुदुर्गचा खलाशी घरी परततो आहे, आणि मागोमाग ओमकारचा आवाज लागला, "आये... येतंय हां." संध्याकाळच्या आत ती क्लिप आचऱ्यातल्या घराघरांतल्या मोबाइलवर वाजली. सुदेशनी भांडून दुसऱ्या दिवशी दुरुस्ती लावून घेतली. ती मात्र कुणी कुणाला पाठवली नाही.

आणि मी? माझ्या पोटात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं होतं. पण आम्हा रेकॉर्डरांची जातच अशी, दुसऱ्याने बटण दाबल्याशिवाय पोटातला आवाज बाहेर पडत नाही.

सुट्टी मिळताच सुदेश गावी आले आणि मला खिशात घालून थेट शेवंतीकाकीकडे गेले. काकीने चहा ठेवला, पुढ्यात शेवेचे लाडू ठेवले.

"बस रे झिला. तुज्या रेडिओन माज्या झिलाचो आवाज आयकवल्यान, तेवापासून माका झोप लागता. जेवणय जाता. आता वाटेरच आसतलो नाय रे तो?"

सुदेशचा अंगठा माझ्या बटणावर होता. मला त्याचा घाम लागत होता. दाबा, दाबा, मी मनात ओरडत होतो.

अंगठा उचलला गेला.

"चाय बरी झाली, काकी," सुदेश म्हणाले. उठले, उंबऱ्यावर घुटमळले. "येतंय हां."

काकी हसली. "बघ! तूय तसाच सांगान गेल्लंस. इलंस ना परत? तसोच माजो ओमकार येतलो."

त्यानंतर सुदेशनी मला या फळीवर ठेवलं. ते पुन्हा परदेशी गेले, आता बातम्या मोबाइलवरच टिपतात. माझे सेल पाझरले, खाऱ्या हवेने बटण गंजून अडकलं. आता कुणी दाबलं तरी ते हलत नाही. मित्रांनो, जुनं यंत्र बाजूला ठेवाल तेव्हा त्यातले सेल तेवढे काढून ठेवत जा. त्याच्या पोटात कुणाचं तरी बोलणं राहिलेलं असतं.

पण तुम्ही तोंडं पाडू नका. माझं वाईट झालं नाही. परवा शेवंतीकाकी याच पडवीवरून चालली होती. मी सगळा जीव एकवटला आणि असा हिसका दिला, असा हिसका दिला, की बटण आपोआप खाली गेलं! ओमकारचं बोलणं मी तिला पहिल्यापासून ऐकवलं. तिने पदराने डोळे पुसले. म्हणाली, "कळला माका." मग घरी जाऊन ती शांतपणे जेवली आणि...

"खोटा!" रिया ताडकन उभी राहिली. "एकदम खोटा! शेवंतीआजी आताच माका विचारी होती, ओमकारासाठी बांगडे बाजारातसून आज हाडू, काय फाल्या सकाळी!"