भिंतीकडे तोंड

माझ्या नणंदेला सगळी गल्ली शिवणताई म्हणते, म्हणून मीही. माझ्याहून वयाने लहान, पण हातात कात्री असली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि कात्री तिच्या हातात सदाचीच. निवडणुकीत सपाटून मार खाल्ल्यावर पक्षाला जाग आली. यापुढे उमेदवार वरून येणार नाही, शाखेतले सभासदच निवडतील, कसा निवडायचा तेही शाखाच ठरवेल, असं जाहीर झालं. हे कापड कापायला कोण बसणार ते सांगायला नकोच.

तिला खुर्ची नको होती. कोपऱ्यावरचा दवाखाना तिथेच राहायला हवा होता, बस. तो पुलापलीकडे हलवून जागा गोदामाला द्यायची, असं शाखेच्या अध्यक्षांच्या मनात होतं. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, पायाला न भरणारी जखम. एक दिवसाआड मलमपट्टी. कोपऱ्यापर्यंत त्या माझ्या खांद्याला धरून जातात. दवाखाना पुलापलीकडे गेला तर पट्टी सुटली, आणि मग पायही.

अध्यक्षांना सगळे काका म्हणतात. सगळ्यांचे काका, सख्खे कुणाचेच नाहीत. आमचे हे त्यांच्याच गोदामाची गाडी चालवतात.

नियम आमच्या स्वयंपाकघरात तयार झाले. शिवणताई आणि गल्लीतले निवृत्त मास्तर ओट्याशी बसून भांडत होते, मी भाजी चिरत होते.

“चिठ्ठ्या नकोतच,” ती म्हणाली. “चिठ्ठ्यांच्या डब्याला या शाखेत दोन तोंडं असतात. ज्याला जो हवा त्याच्या मागे रांगेत उभं राहायचं. उघड्यावर, सगळ्यांसमोर.”

“लोक बिचकतील की तुझ्याकडे बघून,” मास्तर म्हणाले. “शेजारीण दुसऱ्या रांगेत गेली तर उद्या ब्लाउज उसवून देशील तिचा.”

ती हसली नाही. विचारात पडली. मग म्हणाली, “उमेदवाराने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मोजणी होईपर्यंत वळायचं नाही. कोण आलं, कोण गेलं, मला कळायलाच नको.”

हा नियम तिने मायेने केला होता. पुढचेही तसेच. आजवर शाखेत साधं सभासद व्हायचं तर चपला झिजायच्या, म्हणून दारात येईल आणि नाव सांगेल तो सभासद. आणि निवडून गेलेली माणसं पाठ फिरवतात, म्हणून निवडलेल्याने रांग सांगेल तेच बोलायचं, नाही बोलला तर रांग मोडायची आणि तो घरी.

“अगं, थोडं शिवणीत सोड,” मी म्हटलं. “उद्या उसवावं लागलं तर?”

“वहिनी, लोकांवर विश्वास नसेल तर ही उठाठेव कशाला?”

काकांनी नियम वाचले आणि एक शब्दही बदलला नाही. चहा कुणी किती गोड प्यावा हेसुद्धा स्वतः ठरवणारा माणूस. तो “छान, फारच छान” म्हणाला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

रविवारी सकाळी पक्षाच्या कार्यालयात गर्दी झाली. खाली रंगाचं दुकान, वर हॉल, त्यामुळे तिथे नेहमी टर्पेंटाइनचा वास. एका भिंतीकडे तोंड करून शिवणताई उभी राहिली, समोरच्या भिंतीकडे काकांचा पुतण्या. त्याला उभं राहायचा कंटाळा आलेला दिसत होता.

तिच्या मागे पहिली मी. माझ्या मागे हे. मग मास्तर, इस्त्रीवाला, दोन गरोदर पोरी, शाळेची स्वयंपाकीण. पुतण्याच्या मागे काकांची नेहमीची चार टाळकी. शिवणताईच्या मानेवर घाम होता, पण खांदे सैल होते. तिला पावलं ऐकू येत होती.

मग जिन्यावर आणखी पावलं वाजली. पुष्कळ. गोदामाचे हमाल, त्यांचे भाऊ, कधी न पाहिलेली माणसं, धुतलेले शर्ट घालून. दारात नाव सांगत होती आणि आत येत होती. मला वाटलं, झालं, पुतण्याची रांग जिन्यापर्यंत जाणार.

पण ती माणसं आमच्याकडे वळली. एकामागून एक, गुपचूप, आमच्या मागे उभी राहिली. पुतण्याची चार टाळकीही तिकडून निघून इकडे आली. शेवटी काका आले. ते मागे गेलेच नाहीत. सरळ पुढे येऊन माझ्या कानाशी वाकले.

“सूनबाई, जरा सरकता का?”

मी सरकले. आजही मला कळत नाही का सरकले. मोठं माणूस जागा मागतं, आपण पदर सावरून देतो, तशी दिली. ते माझ्या आणि ह्यांच्या मध्ये उभे राहिले.

रांगेत बोलायचं नाही, हाही तिचाच नियम. समोर तिची पाठ होती आणि ती पाठ आनंदाने ताठ होत चालली होती. पावलागणिक.

“संपलं,” मास्तर म्हणाले. मोजणी त्यांच्याकडे होती. “शिवणताई निवडून आल्या.”

ती वळली तेव्हा हसत होती. मग तिला काका दिसले. हसू लगेच गेलं नाही, तसंच विसरल्यासारखं ओठांवर राहिलं.

“अभिनंदन, ताई,” काका म्हणाले. “आता आम्ही तुमची रांग. तुम्हीच म्हणता ना, रांग सांगेल ते बोलायचं? मग विचारतो. दवाखाना पुलापलीकडे जावा, असं कुणाला वाटतं?”

हात वर झाले. धुतलेल्या शर्टांच्या बाह्या, मागे भिंतीपर्यंत. ह्यांचा हात खाली होता, पण मुठीत काय चाललं होतं ते मला दिसत होतं.

“हे माझे लोक नाहीत,” ती म्हणाली.

“असं कसं? दारात नावं सांगून आलेत. तुम्ही कुणाला अडवत नाही, म्हणून तर आलेत बिचारे.” काकांचा आवाज अगदी घरच्यासारखा. “बोला ताई. ‘दवाखाना हलवावा, अशी माझ्या सभासदांची इच्छा आहे.’ एवढंच. तुमच्या तोंडून.”

“नाही बोलणार.”

“मग रांग मोडू. तोही तुमचाच नियम. पण रीतसर. तोंड भिंतीकडे.”

मला वाटलं ती कात्री काढेल. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खाली बघत होते. नियम तिच्या अक्षरात भिंतीवर लावलेले होते, आणि स्वतःचा शब्द मोडणं तिला कधी जमलेलं नाही. ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पावलं निघाली. घाई नाही, ढकलाढकली नाही. जाणारा प्रत्येक जण दाराशी एकदा मागे बघत होता, कोण उरलंय ते. काका दाराला टेकून उभे होते आणि तेही तेच बघत होते. इस्त्रीवाला गेला. गरोदर पोरींतली एक गेली, दुसरीला तिच्या नवऱ्याने दंडाला धरून नेलं.

मग हे निघाले. आमच्या ह्यांचा डावा पाय थोडा घासतो. घरात कुणालाही डोळे मिटून ओळखू येईल, अशी चाल. दारापर्यंत घासत गेली आणि जिन्यावर उतरली.

“वहिनी,” ती भिंतीशीच म्हणाली, अगदी हळू. “दादा गेला ना गं?”

काका दारातून माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान किंचित हलवली, तुम्हीही निघा आता, अशी.

“नाही,” मी म्हणाले. “इथेच आहे. माझ्या मागे.”

तिला सगळं कळलं होतं, हे मला तिच्या मानेवरून कळलं.

“मग वळू?”

“थांब जरा,” मी म्हणाले आणि तिच्या पाठीला पाठ लावून दाराकडे तोंड करून उभी राहिले. “अजून नको.”