आता तुझा दिवा दाखव

मी दिवा बोलतोय. देवापुढचा नव्हे, गाडीतला! स्टिअरिंगमागे तेलाच्या झारीचं छोटंसं लाल चित्र असतं ना, तो मी. इंजिनातल्या तेलाचा दाब उतरला की लागायचं, एवढंच माझं काम. गाडीच्या टपावर लाल दिवा असला की लोक रस्ता सोडायचे म्हणे. आतला दिवा लागला की त्याच्यावर चिकटपट्टी लावतात!

माझा मालक प्रफुल्ल. मूळचा नागपूरचा, आता अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला, कॉम्प्युटरच्या चिप तपासतो. सिग्नलला इंजिन मंदावलं की मी लुकलुकायचो. मग हा गाडी न्यूट्रलला टाकून ॲक्सिलरेटर दाबत घुर्र घुर्र करायचा. दाब वाढायचा आणि मी विझायचो.

"बघ, गेला!" असं बायकोला ऐकवायचा.

"मेकॅनिकला दाखव ना यार," रोशनी म्हणायची.

"फॉल्स अलार्म आहे गं. सेन्सर खोटं बोलतोय."

त्याने सेन्सर बदलला. नवा सेन्सरही खरंच बोलला, तेव्हा माझ्या तोंडावर काळी पट्टी आली. असा राग आला म्हणून सांगू!

हाच प्रफुल्ल दर रविवारी गाडीत बसून आईला व्हिडिओ कॉल लावायचा. नागपुरात गिरजाबाईंनी दंडाला पट्टा बांधून बीपीचं मशीन कॅमेऱ्यापुढे धरायचं, असा नियम. आकडा वाढला की त्या म्हणायच्या, "मशीन बिघडलं वाटते." मग हा ओरडायचा, "आई, मशीन कशाला खोटं बोलेल? डॉक्टरकडे जा!" पट्टीखाली मला हसू आवरायचं नाही.

यंदा उन्हाळ्यात गिरजाबाई इकडे आल्या आणि प्रफुल्ल त्यांना ग्रँड कॅनियन दाखवायला निघाला. पुढे डोंगराचा चढ, बाहेर नुसती भट्टी. तिथे इंजिन अडकून बसलं तर आईला कुठल्या सावलीत बसवणार होता? मला खरंच भीती वाटली. पण उन्हाने पट्टीचा गोंद सुटत आला होता. चढाच्या अलीकडे गॅस स्टेशनवर, म्हणजे इथल्या पेट्रोल पंपावर, गाडी मंदावली, पट्टी गळून पडली आणि मी असा लागलो की विचारू नका!

"काऊन रे, हा लाल दिवा कशाचा?"

"काही नाही गं आई, मशीनच खराब आहे."

गिरजाबाईंनी पट्टी उचलून त्याच्यासमोर धरली. "मशीन कशाला खोटं बोलेल, बाळा?"

मागच्या सीटवर रोशनी खो खो हसली. प्रफुल्लने इंजिन बंद केलं.

गाडी टो ट्रकवर चढून परत आली. मेकॅनिकने तेलाची पातळी पाहिली. ती बरोबर होती. मग सेन्सरच्या जागी दाब मोजायचा गेज लावला, तर काटा जेमतेम हलला. इंजिनाचा तळ उघडल्यावर तेल खेचणाऱ्या जाळीत काळा गाळ सापडला. साहेब तेल बदलायचंच विसरले होते! गाळ काढला आणि इंजिन वाचलं.

तुमच्या गाडीत मी लागलो तर माझ्यावर खुशाल चिडा, पण आधी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

गिरजाबाई आता नागपूरला परतल्यात. रविवारचा कॉल चालूच आहे. त्या आपला आकडा दाखवतात, गोळी घेतल्याचं सांगतात आणि म्हणतात, "आता तुझा दिवा दाखव."

प्रफुल्ल फोन माझ्याकडे वळवून किल्ली फिरवतो. मी लागतो. इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब आला की मी विझतो.

"हं," त्या म्हणतात, "आता जा कुठं जायचं ते."