अर्धा पीळ

त्याने दुर्बिणीला डोळा लावला. तीनशे मीटरवरच्या कागदावर ताईच्या सरावाच्या तिन्ही गोळ्यांची भोकं लांबट पडली होती, कुलपातल्या किल्लीच्या छिद्रासारखी. गोळ्या हवेत कोलांट्या खात, आडव्या होऊन आदळत होत्या.

संघात एकच जागा उरली होती आणि वयाच्या अटीमुळे ताईची ही शेवटची निवड चाचणी होती. सरावाची सहा मिनिटं शिल्लक होती. काडतुसं त्यानेच भरली होती. दोनशे ग्रेन वजनाच्या जड गोळ्यांची.

त्याने बंदूकदुरुस्ती करणाऱ्या काकांना फोन लावला. रायफलीची नवी नळी त्यांनीच बसवली होती.

"काका, नळीतल्या खाचांचा पीळ सातचा ना? सात इंचांत एक फेरा?"

"अर्धा फेरा. नळीत सारलेला गज पिळाबरोबर फिरतो, त्यावरची खूण वरून खाली आली की मी मोजणं थांबवतो. सगळं दुकान दुप्पट धरतं. तू काय पाहुणा आहेस?"

म्हणजे चौदा इंचांत एक फेरा. इतक्या सैल पिळात लांब, जड गोळीला पुरेशी गिरकी मिळत नाही. नळी बसवली त्या दिवशी काकांकडून 'सात' ऐकताना शंकेची पाल चुकचुकली होती. पण विचारण्याच्या संकोचाने त्याने तो आकडा मुकाट्याने वहीत उतरवला होता.

ताई चटईवर पालथी होती. तो तिच्याशेजारी वाकला.

"ताई, चूक माझी आहे. मी काकांना नीट विचारलं नाही."

"छान. कुलूप तुझ्या जिभेला आणि किल्लीची भोकं माझ्या कागदावर."

"पिशवीत दीडशे ग्रेनची जुनी काडतुसं आहेत. ती चालतील."

"नेम किती खाली घेऊ?"

एरवी तो 'बघ तू' म्हणाला असता. "हलकी गोळी वेगात जाते, वर लागते. नेमाची घुंडी चार खटके खाली घे."

"नक्की?"

"नाही. पण सुरुवात तिथूनच कर."

बार झाला. भोक गोल होतं, पण मध्यापासून बरंच डावीकडे. तो ते सांगतो न सांगतो तोच चाचणी सुरू झाल्याची घंटा झाली. आता बोलायला मनाई होती.

पहिल्या दोन गोळ्या नेम सापडण्यातच गेल्या. नंतरच्या मध्याला इतक्या बिलगून बसल्या की वाया गेलेल्या दोन आठवून त्याला पाहवेना.

जागा एका गुणाने गेली.

ताईने सरावाच्या कागदाची घडी करून त्याच्या हातात ठेवली. "पुढच्या वेळी विचारत जा," ती म्हणाली, आणि रायफल पुसायला बसली.