चक्कीच्या भिंतीवरचा खणांचा डबा

मित्रांनो, मी ॲल्युमिनियमचा एक डबा आहे. वय चारच वर्षांचं, पण पिठाच्या धुळीत चार वर्षं काढली की कोणीही म्हातारा दिसतो. जानेफळला गुलाबरावांच्या चक्कीत, मोटरीशेजारच्या भिंतीवर माझा मुक्काम असतो. मी दळत नाही, उजेड देत नाही, साधा आवाजही करत नाही. त्यामुळे माझ्याकडे कोणी बघत नाही, आणि खरं सांगतो, त्याचं मला थोडं वाईट वाटतं.

माझ्या पोटात फिल्टर राहतो, म्हणजे विजेची गाळणी. गुलाबरावांनी मोटरीचा वेग कमी-जास्त करणारं नवं यंत्र बसवलं, तेव्हापासून चक्कीच्या तारांतून विजेची एक बारीक किरकिर शेजारीपाजारी पसरू लागली. माणसांना ती ऐकू येत नाही, नाजूक यंत्रांना मात्र छळते. भिंतीपलीकडे डॉक्टर रेवतीताईंचा दवाखाना. तिथे ईसीजी काढायला घेतला की कागदावरची रेघ नुसती थरथरायची. मग रेवतीताई खिडकीतून हाक मारायच्या, "गुलाबराव, पाच मिनिटं थांबवा!" चक्की थांबायची, आणि दळणाच्या रांगेतल्या बाया एकमेकींना विचारायच्या, "कोण हाये वं आत?"

कोणाच्या छातीत दुखतंय हे जानेफळात असं कळायचं.

भिमाबाई शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. पाण्याची बादली उचलली की त्यांना धाप लागायची, डावा हात भरून यायचा. पण दवाखान्याची पायरी चढायला त्या तयार नव्हत्या. "चक्की थांबली का साऱ्या गावाले समजते," त्या लेकीला म्हणायच्या. "उद्या म्हणतीन, बाई बिमार हाये, खिचडीवर दुसरी ठेवा. मंग मी काय घरात बसून राहू?"

लेक महामाया चिखलीच्या एका छोट्या कारखान्यात विजेच्या उपकरणांच्या खोक्यांचे आराखडे काढायची. आईची समजूत घालून घालून ती थकली. शेवटी आईला समजावणं सोडून चक्कीचाच बंदोबस्त करायचा, असं तिने ठरवलं. माझा जन्म तिथून.

तोवर त्या कारखान्यात फिल्टर एकाच बंद पेटीत राळ ओतून भरायचे. एक भाग बिघडला की सगळी पेटी भंगारात. महामायाने मला मिसळणाच्या डब्यासारखे वेगवेगळे खण दिले. एकात तारेची वेटोळी, एकात कपॅसिटर, एकात जोडण्या. मोटर मोठी आली तर एक खण वाढवायचा, एखादा बिघडला तर तेवढाच बदलायचा. खण एकमेकांना बोल्टांनी आवळलेले, आणि सांध्यावर उघडा धातू उघड्या धातूला भिडलेला. तिथे आडकाठी आली तर किरकिर बाहेर निसटते. ते सांधे तिने स्वतःच्या हाताने घासले होते.

मी भिंतीवर बसलो आणि पलीकडची थरथर थांबली. गुलाबराव येईल त्याला सांगायचे, "आपल्या गावच्या पोरीनं बनोलं हे!" मी मनातल्या मनात फुगायचो.

भिमाबाई मात्र पक्क्या. तीन दिवस त्या मुद्दाम थोडंथोडं दळण घेऊन रांगेत बसल्या. पलीकडे दोघांचे ईसीजी झाल्याचं लेकीने नंतर सांगितलं, पण चक्की चालूच, रांगेला पत्ता नाही. तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "दसरा झाला का जाऊ."

आणि तिथेच घात झाला. खंडेनवमीला गुलाबराव चक्कीची अवजारं पूजतात. त्या वर्षी त्यांनी मलाही मान दिला. मला उतरवलं, खण सुटे केले, पुसले आणि प्रत्येकाला आतून-बाहेरून हिरवा ऑइलपेंट दिला. सांध्यांना दिला, अर्थिंगची तार बसते तिथेही दिला. वर झेंडूची माळ! मी नवरदेवासारखा मिरवत होतो. आपल्याला काय झालंय, याची मला कल्पनाही नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भिमाबाई पलीकडे जाऊन ईसीजीसाठी आडव्या झाल्या. रेघ थरथरू लागली. रेवतीताईंनी सवयीने हाक मारली, "गुलाबराव, थांबवा!" भिंतीपलीकडून भिमाबाईंचा घाबरा आवाज आला, "नोको, नोको! थांबवू नोका!" छातीवरच्या तारा काढून त्या मागच्या दाराने घरी गेल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला स्वतःचीच शरम वाटली.

निरोप मिळताच संध्याकाळी महामाया चिखलीहून जीपने आली. मला बघताच तिने कपाळाला हात लावला.

"काका, हे काय केलं तुमी?"

"जंग नाही लागला पाह्यजे म्हणून रंगोलं, पोरी. काऊन, बिघडलं काय?"

"सांध्यात रंग गेला. आता खण नुसते शेजारी बसले हायेत, जुळले कुठं?"

गुलाबराव पॉलिशपेपर घेऊन स्वतःच खाली बसले आणि एकेक सांधा चकाकेपर्यंत घासत राहिले. दुसऱ्या दिवशी महामाया आईचा हात धरून दवाखान्यात गेली. चक्की घरघरत होती, रांगेत बाया भावजयांच्या तक्रारी करत होत्या, आणि पलीकडे कागदावर रेघ न थरथरता स्पष्ट उमटली. तिच्यावरून कळलं, रक्त कमी पोचत होतं हृदयाला. रेवतीताईंनी त्यांना त्याच दिवशी बुलढाण्याला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. दोन महिन्यांनी भिमाबाई पुन्हा खिचडीच्या चुलीपाशी उभ्या राहिल्या. बादली तेवढी आता दुसरं कोणी उचलतं.

मित्रांनो, तुमच्याकडून मला माळ नको, रंगही नको. वर्षातून एकदा बोल्ट आवळा, धूळ पुसा, आणि सांधे उघडे राहू द्या. ज्याची काळजी घ्यायची, त्याला काय लागतं ते आधी विचारा. गुलाबरावांचं प्रेम खरं होतं, तरी माझा जीव गुदमरला होता.

परवा रांगेत सिंधूताई छातीवर हात ठेवून भिंतीला टेकल्या होत्या. भिमाबाई पुढे होत्या. त्या वळल्या आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मले हार्टची गोळी चालू हाये. जाय वं सिंधू, दाखोव. तुह्या दळणाकडं मी पाहतो." सिंधूताई उठल्या आणि पलीकडे दवाखान्यात गेल्या. चक्की चालूच होती, आणि भिमाबाई स्वतःच्या डब्याबरोबर सिंधूताईंचा डबाही रांगेत पुढे सरकवत होत्या.