खालच्या आळीचा नळ

संमतीच्या कागदावर तुळसाबाईचा अंगठा घ्यायला मी तिच्या घरी सहा खेटे घातले. साल एकोणीसशे चौतीस. रत्नागिरीच्या म्युनिसिपालिटीत मी पाण्याचा कारकून होतो. गाव चिंचतळ्याचं पाणी प्यायचा आणि त्या पाण्यात नारू होता, पायाच्या जखमेतून दोऱ्यासारखा बाहेर येणारा किडा. नारू झालेली माणसं सरळ पाण्यात पाय घालायची, किडा तिथे पिल्लं सोडायचा आणि तेच पाणी आपण हंडे भरभरून घरी न्यायचो. म्हणून डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणून ते जमिनीखालच्या सिमेंटच्या टाक्यांत साठवायचं, आळीआळीला नळ द्यायचा आणि तळं बुजवायचं, असं ठरलं. टाक्या बांधून झाल्या, वर माती लोटली. फक्त खालच्या आळीचा पाइप राहिला. तो तुळसाबाईच्या अंगणातूनच जाणार होता, बाकी सगळा कातळ. आणि त्या आळीला नळ मिळेपर्यंत तळं बुजवता येत नव्हतं.

"माजा अंगण मी खणू देयाची नाय," ती म्हणायची. "तळा हाय तसा ऱ्हाव दे."

कायद्यानं जागा घेता आली असती, पण त्यात वर्ष गेलं असतं. माझं डोकं फिरायचं. एकटी विधवा बाई, अंगणात चार शेवग्याची झाडं, आणि सगळ्या गावाला वेठीस धरलंन! म्हातारी हेकट आहे, असं मी ऑफिसात ज्याला त्याला सांगत सुटलो.

शेवटी आमचा शिपाई बाबल्या मला म्हणाला, "साहेब, तुमाला म्हायत नाय ता बोलू नका." आणि त्यानं सगळं सांगितलं.

तुळसाबाईचा नवरा रावजी आणि खालच्या आळीतला केरू यांचा समुद्रातून माल वाहणारा पडाव होता, दोघांच्या भागीत. गट्टी एवढी की रावजीनं आपली एकुलती एक काशी केरूच्या मुलाला दिली. पुढं पडाव खडकावर आपटून फुटला. चूक कुणाची यावरून दोघे एकमेकांच्या अंगावर धावले, आणि देवीपुढे नारळ ठेवून शपथ घालून बसले. या घरच्या माणसानं त्या घरचा उंबरा चढायचा नाही, एका शब्दानं बोलायचं नाही. ज्यांनी शपथ घातली त्यांनीच मिळून ती सोडवायची, असा रिवाज. रावजी वर्षभरात वारला. आता सोडवणार कोण?

पुरुषांनी शपथेत बोलणं घातलं, जाणंयेणं घातलं. बघणं घालायचं काही त्यांना सुचलं नाही. काशी रोज सकाळी तळ्याच्या खालच्या काठाच्या पायऱ्यांवर यायची आणि तुळसाबाई पलीकडे वरच्या काठाच्या. घासलेली कळशी दोघी पुन्हा पुन्हा घासत बसायच्या. बाजारहाट सासू करायची, त्यामुळे काशीला बाहेर पडायला तेवढंच निमित्त होतं. ती डोक्यावरचा हंडा कमरेवर घ्यायला लागली, तेव्हा तुळसाबाईला समजलं की लेकीला दिवस गेलेत. ते मूल गेलं, तेही तिला काशीच्या तोंडाकडे बघूनच समजलं. सात वर्षं हे असं चाललं होतं. ऐकून मला माझीच लाज वाटली. त्यानंतर मी तिच्याकडे गेलो नाही.

शिमगा नुकताच झाला होता. एका सकाळी मी तळ्यावर असताना काशी लंगडत आली. पायरीवर बसून तिनं पोटरीची चिंधी सोडली आणि आग होते म्हणून पाय पाण्यात घातला.

"पाय काढ! आधी पाय काढ बाहेर!" मी ओरडलो.

तिनं दचकून पाय वर घेतला. जखमेतून पांढरा दोरा लोंबत होता. पलीकडे तुळसाबाई ताडकन उभी राहिली. लेकीला विचारायची सोय नव्हती, म्हणून तिनं मलाच मोठ्यानं विचारलं, "भाऊ, नारूला काय करतात?"

"काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तोडायचा नाही," मीही पार पलीकडे ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. "आणि परत व्हायला नको असेल, तर हे पाणी सोडायचं."

दुपारी ती आपण होऊन ऑफिसात आली. "आंगठा खय लावायचा?"

"तुळसाबाई, दारात नळ आला की काशी तळ्यावर यायची नाही."

"म्हायत हाय मना," ती म्हणाली. "पोरीचा पाय धड ऱ्हाव दे. माजा बगना काय मोठा लागून गेला हाय?"

आणि ती रडायला लागली. डोळ्यांतल्या पाण्यानं तिला कागद दिसेना, अंगठा मलाच धरून दाबावा लागला. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

पावसाच्या आत तळं बुजलं. नळ नेमका केरूच्या दारासमोर आला. पुढं त्या आळीत नारू उरला नाही.

तीन वर्षांनी तो नळ गळतो अशी तक्रार आली, म्हणून मी गेलो. काशी हंडा घेऊन उभी होती, कडेवर मूल होतं. पाय चांगला बरा झाला होता. सासू आत गेलेली बघून ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुमी वरल्या अंगणात जाता ना? माजी आय आता दिसते कशी? केस पांढरे झाले काय तिचे?"

मी सकाळीच त्या अंगणात बसून पाइपाचा सांधा तपासला होता. तुळसाबाईनं मला गूळपाणी दिलं होतं, शेजारी उभी राहून दोन शब्द बोललीही होती. काशी माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी खूप आठवून पाहिलं. मला सांधा आठवत होता, तिचा चेहरा काही केल्या आठवेना.